बोर्ड आऊट होणाऱ्या जवानानं नोकरीची घाई का करू नये

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ पायदळात नाईक, वय ३१, नोकरी ११ वर्षं, शिक्षण बारावी. नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सध्या पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवण्याचं काम चालू आहे, मेडिकल बोर्ड, म्हणजे तो नोकरीला योग्य आहे की त्याला घरी पाठवायचं (बोर्ड आऊट करायचं) हे ठरवणारी डॉक्टरांची तपासणी, अजून व्हायचाय. अमेरिकेत जखमी सैनिकांना सरकार फेलोशिप देऊन कार्यालयात घेतं, असं बहिणीच्या वाचनात आलं. आपल्याकडे तसं काही आहे का, आणि नसेल तर त्यानं काय करावं?

ताई, त्या घाटणीची फेलोशिप आपल्याकडे नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे ती शोधत तुम्ही कार्यालयं पालथी घालत बसणार नाही. तुम्ही वाचलंत ते मात्र खरं आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं २००८ मध्ये जखमी माजी सैनिकांसाठी ‘वुंडेड वॉरियर’ फेलोशिप सुरू केली. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात दोन वर्षं पगारी काम मिळतं, आणि ते काम म्हणजे बरेचदा इतर माजी सैनिकांच्या पेन्शनच्या, उपचारांच्या तक्रारी घेऊन संबंधित खात्याच्या मागे लागणं. सेनेटमध्ये ‘मॅकेन-मॅन्सफील्ड’ नावाची तशीच एक वर्षाची फेलोशिप आहे. मुदत संपल्यावर नोकरीची हमी तिथेही कोणी देत नाही.

मग त्या माणसाला मिळतं काय? घर चालेल एवढे पैसे, फौजेबाहेरचं ऑफिस कसं चालतं ते शिकायला वेळ, आणि बायोडाटावर लिहिता येईल असा एक अनुभव. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एका पाकिटात मिळत नाहीत. वेगवेगळ्या खिडक्यांवर मात्र मिळतात, आणि भावाच्या बाबतीत त्या जुळवता येतील असं मला वाटतं. (राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप कोणी सुचवली तर वेळ घालवू नका. ती २१ ते २६ वयाच्या पदवीधरांसाठी आहे.)

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक होतो. जायबंदी होऊन आलेला जवान समोरच्या खुर्चीत बसला की बहुधा म्हणायचा, “साहेब, कुठलीही नोकरी चालेल.” ते ऐकून मला धडकी भरायची. कारण ‘कुठलीही’ म्हटलं की त्याला जी मिळायची ती म्हणजे कुठल्या तरी गेटवर बारा तास उभं राहायची.

घाई नको म्हणतोय, पण पोट कशावर चालणार? पेन्शनवर. म्हणून सुरुवात कागदापासून करू, आणि हा भाग जरा सावकाश वाचा, कारण भाऊ अजून नोकरीत आहे तोवरच तो दुरुस्त करून घेणं सोपं आहे.

फौजेत जखमी झालेल्याची नोंद दोन प्रकारे होते, बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे कारवाईत जखमी, किंवा फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे एरवीच्या अपघातात जखमी. एरवी ऐकायला हा कारकुनी फरक वाटेल. पण नियंत्रण रेषेजवळच्या कारवाईच्या भागात सुरुंग पेरताना, काढताना किंवा सुरुंगक्षेत्र ओलांडताना झालेली दुखापत संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पेन्शनच्या आदेशात ‘ई’ वर्गात मोडते. सुरुंग शत्रूचा असो की आपलाच. त्या वर्गात ‘वॉर इंज्युरी पेन्शन’ मिळते. तिच्यातला जखमेचा हिस्सा १०० टक्के अपंगत्वाला अखेरच्या पगाराइतका धरतात आणि टक्केवारी कमी असेल तसा तो उतरतो. साध्या अपंगत्व पेन्शनमध्ये हाच हिस्सा १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के. एका शब्दानं किती फरक पडतो ते बघा. शिवाय नागरी नोकरीच्या नियमांत ‘अपंग माजी सैनिक’ म्हणजे शत्रूविरुद्धच्या कारवाईत किंवा अशांत क्षेत्रात अपंगत्व आलेला, अशी व्याख्या आहे. म्हणजे तोच शब्द पुढे राखीव जागेवर हक्क सांगतानाही लागतो.

तेव्हा युनिटमधून या गोष्टींच्या प्रती आत्ताच मिळवा: इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, बॅटल कॅज्युअल्टी म्हणून निघालेली पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेच्या नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश). बोर्ड झाल्यावर बोर्डाच्या कागदांची प्रत. डिस्चार्ज बुक हातात आलं की घरी येऊन कपाटात ठेवायच्या आधी त्यातली डिस्चार्जच्या कारणाची ओळ वाचा आणि ती बोर्डाच्या कागदाशी ताडून बघा. मी अशी पुस्तकं पाहिली आहेत की बोर्डाच्या कागदावर सगळं बरोबर आणि डिस्चार्ज बुकात नुसतं ‘मेडिकल ग्राउंड’. माणूस युनिटच्या जवळ असेल तर ही ओळ लवकर सुधारून मिळते. गावी गेल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू होतो आणि तो संपता संपत नाही.

पेन्शन आता संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते. तिथे नाव, जन्मतारीख, बँक खातं आणि आधार यांत काना-मात्रेचा फरक असला तरी गाडी अडते, तेव्हा हे आधीच जुळवून ठेवा. सुरुंगाच्या प्रकरणात दावा नाकारला जाण्याची शक्यता मला कमी वाटते, पण तसं झालंच तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेचे नियम नवे आहेत, म्हणून गावातल्या एखाद्या जुन्या पेन्शनरनं “मला एवढे टक्के लावले होते” म्हटलं तर त्यावरून हिशेब मांडू नका.

ही पेन्शन नागरी नोकरी लागल्यावर बंद होत नाही. ऑफिसरच्या खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस केंद्र सरकारच्या नोकरीत लागला तर पगार ठरवताना त्याची पेन्शन हिशेबातही धरत नाहीत. आणि अपंगत्वामुळे फौजेनं बाहेर काढलेल्याच्या अपंगत्व पेन्शनवर आयकर नाही. भावाची घरखर्चाची सोय इथून होते.

आता एक प्रश्न, जो घरचे बहुतेक विचारत नाहीत. बाहेर पडायलाच हवं का? गुडघ्याखाली पाय गेलेला प्रत्येक जवान बोर्ड आऊट होतोच असं नाही. कायमची लो मेडिकल कॅटेगरी देऊन हलक्या जागेवर, ज्याला शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणतात, ठेवून घेण्याची पद्धत आहे. १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले इयान कारडोझो पुढे बटालियनचे आणि ब्रिगेडचे कमांडर झाले. ते ऑफिसर होते आणि जिद्द अफाट होती, मान्य. पण वाट आहे. भावाला माझा आग्रहाचा सल्ला असा की बोर्डाआधी कमांडिंग ऑफिसरकडे लेखी विचारावं, मला ठेवून घेता येईल का? त्याची ११ वर्षं झाली आहेत. १५ पूर्ण झाली तर साध्या पेन्शनचा हक्क तर येतोच, पण आणखी एक गोष्ट मिळते. दहावी झालेल्या माजी सैनिकाची १५ वर्षं सेवा झाली असेल तर पदवीची अट असलेल्या बऱ्याच गट ‘क’ जागांसाठी त्याला पदवीधरासारखं धरतात. बँकांच्या क्लार्क भरतीतही ही सवलत आहे. ११ वर्षांवर बाहेर पडणाऱ्याला ती मिळत नाही, आणि हे त्याला बँकेचा फॉर्म भरताना कळतं.

तो स्वतःच थकला असेल, डोकं त्या जागेपासून दूर न्यायचं असेल, तर मात्र त्याला थांबण्याची गळ घालू नका. रात्री झोप लागते का, फटाक्यांचा आवाज आला की काय होतं, हे तुम्ही घरच्यांनी बघायचं आहे. यावर इलाज आहेत, फौजेच्या इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि त्याच्याकडे गेल्यानं पेन्शनला धक्का लागत नाही.

समजा तो बाहेर पडला. पहिल्या वर्षी त्याचं मुख्य काम नोकरी नसून पाय आहे. ऑपरेशननंतर उरलेला भाग, केंद्रात सगळे त्याला स्टंपच म्हणतात, वर्ष-दीड वर्ष आक्रसत राहतो. आज घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा वाटीसारखा भाग, काही महिन्यांनी सैल होतो. दिवसाच्या दिवसातही फरक पडतो. सकाळी स्टंपवर एक मोजा घालून पाय नीट बसतो, दुपारी दोनच्या सुमारास आत खाली-वर हलायला लागतो, मग कुठेतरी आडोसा शोधून पाय काढायचा, दुसरा मोजा चढवायचा, पुन्हा बसवायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे. पण गेटवरच्या रखवालदाराला ती पाच मिनिटं कोणी देत नाही, तो तसाच उभा राहतो, कातडी सोलवटते, जखम चिघळते आणि पाय महिनाभर बाजूला ठेवावा लागतो. नोकरी तिथेच संपते. त्यानंतर तो घरी म्हणतो, मला काही जमणार नाही. खरं तर त्याला चुकीच्या वेळी चुकीच्या जागेवर उभं केलं होतं. वानवडीचं ते केंद्र १९४४ पासून हेच काम करतंय, तिथले लोक सांगतील तेवढ्या फेऱ्या भावानं मारल्याच पाहिजेत. फेऱ्या चालू असताना पक्की नोकरी धरू नये.

मग त्या काळात करायचं काय? पदवी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, दोन्हीकडे बारावीच्या जोरावर बीए, बीकॉमला प्रवेश मिळतो, आणि कॉलेजात रोज जावं लागत नाही. तीन वर्षं वाया जातील अशी भीती त्याला वाटेल, म्हणून वयाचा हिशेब मांडून दाखवा. केंद्राच्या गट ‘क’ भरतीत माजी सैनिकाच्या वयातून फौजेची वर्षं वजा करतात आणि वर तीन वर्षांची सूट देतात. समजा पदाची मर्यादा २८ वर्षं आहे. २८ अधिक ११ अधिक ३ म्हणजे ४२. पदवी हातात येईल तेव्हा तो ३५ च्या आसपास असेल. घाई कोणाला आहे मग? शेजाऱ्यांना.

पदवीच्या जोडीला हाताला कौशल्य हवं, आणि त्यासाठी पुणेच बरं. खडकीला क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ मध्ये ती निघाली आणि आजही जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देते. डिस्चार्जच्या आधीच तिथे पाठवता येईल का, हे युनिटकडून विचारून घ्या. पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, कोर्सही असतात. जवानांना फी पडत नाही. त्यातला कोर्स निवडताना नुसतं नाव बघू नका. सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स सगळ्यांना सहज मिळतो, म्हणून सगळे तोच करतात. भावासाठी मी स्टोअर आणि मालसाठा व्यवस्थापन, कॉम्प्युटरवरचं अकाउंट्स, किंवा कंट्रोल रूमचं काम यांतलं काही बघेन. बसून करायचं काम आणि त्याच्या अनुभवाशी नातं असलेलं.

अनुभवाचं नातं कसं शोधायचं ते सांगतो. त्याला विचारा, कोत कधी सांभाळलास का? कोत म्हणजे हत्यारांची खोली. पायदळातला नाईक कधी ना कधी कोत एनसीओ, म्हणजे त्या खोलीचा जबाबदार, असतोच, किंवा क्वार्टरमास्टरच्या स्टोअरला, किंवा रेडिओ सेटवर. बायोडाटावर ही मंडळी लिहितात, ‘११ वर्षे देशसेवा, शिस्तप्रिय, प्रामाणिक’. वाचणाऱ्या मॅनेजरला यातून काही कळत नाही. त्याऐवजी लिहावं: इतक्या हत्यारांचा आणि दारूगोळ्याचा साठा सांभाळला, प्रत्येक नग नंबरनिशी रजिस्टरला, देवाणघेवाणीची रोज सही, तपासणीत तफावत नाही. गोदाम चालवणाऱ्या माणसाला हे एका वाचनात समजतं. फक्त जागेचं नाव, युनिटची हालचाल, साठ्याचा खरा आकडा असलं काही लिहू नये. ‘कंपनीचा साठा’ एवढं पुरे.

आणि ऑफिस शिकण्यासाठी माझा एक आवडता उपाय. आठवड्यातून दोन दिवस त्यानं आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बसावं आणि पेन्शनरांना मदत करावी, ‘स्पर्श’चं लॉगिन, जीवनप्रमाणपत्र, वीरपत्नींचे अर्ज. अधिकाऱ्यांशी बोलून परवानगी घ्यावी लागेल, पैसे मिळणार नाहीत. पण अमेरिकेतला तो फेलो दोन वर्षं जे करतो ते नेमकं हेच. अर्ज कुठे अडतो, साहेबाला टिपणी कशी लागते, नागरी माणसाशी ‘जय हिंद साहब’ न म्हणता कसं बोलायचं, सगळं तिथे कळतं. त्याच कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि नोकरीसाठी नावनोंदणीही होते.

राखीव जागांचं आता थोडक्यात. राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’ भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण. केंद्राच्या खात्यांत गट ‘क’ मध्ये १० टक्के. सार्वजनिक बँका आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांत गट ‘क’ मध्ये साडेचौदा टक्के, आणि त्यातले साडेचार टक्के खास अपंग माजी सैनिक व कारवाईत मारल्या गेलेल्यांच्या वारसांसाठी. या साडेचार टक्क्यांत स्पर्धा कमी असते, कारण व्याख्येत बसणारी माणसंच थोडी. बँकेची तयारी करावी असं मी म्हणतो ते यासाठी.

याशिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर. तिथे फौजेच्या बोर्डाचा कागद चालत नाही. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, वेगळं काढावं लागतं, अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर. बऱ्याच जवानांना हे कमीपणाचं वाटतं. ‘दिव्यांग’च्या रांगेत कशाला उभा राहू, असं म्हणतात. राहावं. सुविधा त्यातूनच मागता येतात, तळमजल्यावरची जागा असो की परीक्षेचं जवळचं केंद्र.

खाजगी नोकरीलाही माझी ना नाही. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर फौजेच्या ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दलात, होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पदक सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी करत होते, हे कोणी सांगत नाही, आणि बोर्ड आऊट झालेल्या पोराला ऐकवायला ती नोकरीच जास्त उपयोगाची. कंपनीच्या मुलाखतीत पायाबद्दल भावानं स्वतःच, आधी, दोन वाक्यांत बोलून टाकावं: कृत्रिम पाय आहे, इतकं चालू शकतो, दुपारी पाच मिनिटं लागतात. पुढचा माणूस ‘विचारू की नको’ या संकोचातून सुटला की कामाचं बोलतो.

दोन माणसांपासून सांभाळा. एक, एकरकमी पैसे खात्यात आले की धंद्याची कल्पना घेऊन येणारा नातेवाईक. दुसरा, गॅस एजन्सी किंवा पेट्रोल पंपासाठी “कागद तुमचा, भांडवल माझं” म्हणणारा. अशा वाटपासाठी अपंग माजी सैनिकाला डीजीआरचं पात्रता प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि ते बाजारात किती मोलाचं आहे हे त्या दुसऱ्याला भावापेक्षा जास्त माहीत असतं. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या भागीदारीपत्रावर सही नाही, एवढं घरात ठरवून ठेवा.

शेवटची गोष्ट नोकरी लागण्याच्या दिवसाची आहे, पण आत्ता लिहून ठेवा. माजी सैनिकाचं आरक्षण घेऊन एकदा सरकारी नोकरीत रुजू झालं की पुढच्या भरतीत ते आरक्षण पुन्हा मिळत नाही. याला एक वाट केंद्राच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. रुजू होण्याआधी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केले असतील त्यांची तारीखवार यादी रुजू होताच लगेच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता माजी सैनिकाचा हक्क शाबूत राहतो. म्हणून पहिल्या अर्जापासून एक वही करा. पदाचं नाव, जाहिरात क्रमांक, अर्जाची तारीख, आणि पावतीची प्रिंट त्याच पानाला टाचलेली. कार्यालयातल्या शिपायाची जागा आधी लागली आणि बँकेचा निकाल नंतर आला, तर त्याला बँकेत जाता येईल ते या वहीमुळे. रुजू झाल्यावर यादी देताना कार्यालयाचा आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यायला सांगा.